ऑफिसातला एपी खराब आहे असं ठरवण्याआधी

‘वाय-फाय सारखं जातंय’ अशी तक्रार आली की पहिला हात जातो छतावरच्या एपीकडे, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या ॲक्सेस पॉइंटकडे. कुणीतरी टेबलावर चढतं, केबल उपसून परत लावतं, एपी बंद होऊन चालू होतो आणि तासभर सगळं ठीक चालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभराने नवा एपी येतो, त्याच केबलवर चढतो आणि तोही तसाच वागू लागतो. पणजीत पाटोवरचं काचेचं ऑफिस असो, वेर्ण्यातली फॅक्टरी असो की म्हापशात चिऱ्यांच्या जुन्या घरात थाटलेलं सीएचं कार्यालय, हा क्रम फारसा बदलत नाही. माझं मत ठाम आहे: गोव्याच्या हवेत एपीपेक्षा त्याच्यापर्यंत येणारी वायर आणि वीज जास्त वेळा दगा देते. म्हणून शिडी आणण्याआधी जागेवर बसून दोन गोष्टी बघा. एपी शेवटचा चालू कधी झाला, आणि स्विचवरचा (सगळ्या केबल जिथे येऊन जुळतात त्या डब्यावरचा) त्याचा पोर्ट शेवटचा कधी पडला, म्हणजे जोडणी कधी तुटली.

पहिली गोष्ट कंट्रोलरवर (सगळे एपी सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) किंवा एपीच्या स्वतःच्या पानावर ‘अपटाइम’ म्हणून दिसते. दुसरी स्विचच्या लॉगमध्ये असते. पोर्ट डाउन, पोर्ट अप अशा नोंदी वेळेसकट सापडतात. या दोन वेळा शेजारी ठेवल्या की निम्मं निदान झालं. अपटाइम काही तासांचाच असेल तर एपी मधूनच बंद होऊन चालू होतोय, म्हणजे विजेच्या मागे लागा. अपटाइम महिनाभराचा आहे पण पोर्ट दिवसातून चार वेळा पडतोय, तर एपीला वीज मिळते आहे आणि फक्त डेटा तुटतोय; म्हणजे केबल किंवा तिची टोकं. दोन्ही शांत आहेत आणि तरी लोक तक्रार करतायत, तर मग रेडिओ, आयपी पत्ते किंवा व्हीलॅन (एकाच तारेवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं).

हे बघायच्या आधी एपी बंद-चालू करू नका आणि रिसेटची टाचणी तर अजिबात टोचू नका. बऱ्याच एपींचा लॉग मेमरीत असतो आणि वीज गेली की पुसला जातो. कंट्रोलरवर किंवा साध्या सिसलॉग सर्व्हरवर लॉग पाठवायची सोय आधीच करून ठेवली असेल तर फारच उत्तम. नसेल तर आजच करा. रॅकमधला एखादा जुना पीसीसुद्धा त्याला पुरतो. एपी, स्विच आणि सर्व्हर यांची घड्याळं एनटीपीने जुळलेली हवीत, नाहीतर दोन लॉग शेजारी ठेवून काही कळत नाही.

वीज

आजकाल बहुतेक एपी पीओईवर चालतात, म्हणजे डेटा आणि वीज एकाच केबलमधून. 802.3एएफ पोर्ट 15.4 वॅट सोडतो आणि केबलमधली घट धरून एपीला 12.95 वॅट मिळतील असा हिशेब असतो. 802.3एटी पोर्ट 30 वॅट सोडतो, एपीच्या वाट्याला 25.5 येतात. वाय-फाय 6 च्या अनेक एपींना एटी लागतं. असा एपी जुन्या एएफ स्विचवर लावला तर तो चालू होतो, दिवाही लागतो, पण काही मॉडेल एखादा रेडिओ बंद ठेवतात किंवा पॉवर कमी करतात. वापरणाऱ्याला फक्त ‘रेंज कमी झाली’ एवढंच जाणवतं. स्विच एटीचा असूनही हे होऊ शकतं. काही स्विच जास्तीचे वॅट तेव्हाच देतात जेव्हा एपी एलएलडीपीवरून (उपकरणं एकमेकांना आपली माहिती सांगतात त्या प्रोटोकॉलवरून) ते मागतो. कुणी सुरक्षेसाठी म्हणून एलएलडीपी बंद केलं असेल तर मागणी पोचतच नाही आणि एपी 15.4 वर अडकून राहतो.

स्विचवर ‘शो पॉवर इनलाइन’ ही आज्ञा द्या किंवा त्याच्या पानावरचं पीओई सदर उघडा. प्रत्येक पोर्टला किती वॅट मंजूर आणि किती प्रत्यक्ष जातायत ते तिथे दिसतं. त्याच पानावर तळाशी एकूण बजेट असतं आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं. 24 पोर्टांना प्रत्येकी 30 वॅट द्यायचे तर 720 वॅट लागतील; बाजारातल्या पुष्कळ स्विचचं बजेट 190 किंवा 370 वॅटच्या आसपास असतं. त्याच स्विचवर सीसीटीव्ही कॅमेरेही असतात. दिवसभर कॅमेरा थोडक्यात भागवतो, पण अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे पेटतात आणि प्रत्येक कॅमेऱ्याची भूक काही वॅटनी वाढते. बजेट काठावर असेल तर स्विच कमी प्राधान्याचे पोर्ट कापतो. संध्याकाळी सातनंतर एपी पडतो आणि सकाळी आपोआप बरा होतो, हे त्याचं ठरलेलं लक्षण. उपाय म्हणजे एपीच्या पोर्टांना ‘क्रिटिकल’ किंवा ‘हाय’ प्राधान्य द्यायचं आणि कॅमेरे वेगळ्या स्विचवर काढायचे.

उलट प्रकारही होतो. रात्री एपी निवांत, सकाळी दहाला माणसं आली की रीस्टार्ट. रेडिओ कामाला लागल्यावर एपीची विजेची मागणी वाढते, आणि केबलच्या टोकाशी सांधा कच्चा असेल तर व्होल्टेज खाली घसरतं.

एपीचा अपटाइम आणि स्विचचा अपटाइम सारखाच असेल तर एपीचा संबंधच नाही. रॅकची वीज गेली होती. लाईट क्षणभर गेली तरी थकलेल्या बॅटरीचा यूपीएस भार धरत नाही, स्विच पुन्हा सुरू होतो आणि सगळे एपी कंट्रोलरला जोडले जाईपर्यंत काही मिनिटं जातात. यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून भार किती वेळ टिकतो ते सुट्टीच्या दिवशी बघून ठेवा. हाताशी मल्टिमीटर असेल तर रॅकच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेजही मोजा. दोन-तीन व्होल्टच्या पुढे असेल तर वायरमनला बोलवा. आपली चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडीठाक होते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि अर्थ नावापुरता उरतो. नेमका त्यानंतरच विजांचा मोसम सुरू होतो.

केबल आणि तिची दोन टोकं

पोर्टचा वेग बघा. गिगाबिट एपी 100 एमबीपीएसवर आला असेल तर केबलमधली एखादी जोडी तुटली आहे, असं समजायला हरकत नाही. 100 एमबीपीएसला केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी गेली की लिंक तुटत नाही, गुपचूप खालच्या वेगावर येते. त्यामुळे ‘नेट चालू आहे पण स्लो आहे’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

त्यानंतर पोर्टवरचे सीआरसी एररचे (वाटेत बिघडलेल्या डेटाच्या तुकड्यांचे) आकडे शून्य करा आणि कामाच्या वेळेत तासभर थांबून पुन्हा बघा. चांगल्या केबलवर तो आकडा शून्यच राहतो. वाढत असेल तर केबल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. दिवे लुकलुकणारा स्वस्त टेस्टर इथे फसवतो. तो फक्त तार सलग आहे का ते सांगतो, सांधा किती कच्चा आहे किंवा एका जोडीतली तार दुसऱ्या जोडीतल्या तारेबरोबर जुळवली गेली आहे का (स्प्लिट पेअर) ते सांगत नाही. मॅनेज्ड स्विचमध्ये केबल तपासायची सोय बहुधा असते. ती कितव्या मीटरवर कुठली जोडी तुटली ते अंदाजे दाखवते. 40 मीटरच्या केबलवर 38 मीटर आलं तर छताकडचं टोक, 1-2 मीटर आलं तर रॅककडचं. मधलाच आकडा आला तर फॉल्स सीलिंगवर चढून उंदराने कुरतडलेली जागा शोधा.

केबल मुळात तांब्याची आहे का, हेही बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कॅट 6 म्हणून सर्रास विकली जाते. तुकड्यातली एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम. तिचा रोध तांब्याच्या जवळजवळ दीडपट असतो, ती पीओईच्या करंटने जास्त तापते, आणि ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढून प्लगमधली पकड सुटत जाते. अशा केबलवर एपी पहिल्या वर्षी नीट चालतो, हीच तिची फसवणूक आहे.

आता प्लग हातात घ्या. पण त्याआधी स्विचवरून त्या पोर्टची पीओई बंद करा. चालू करंटवर प्लग उपसला की पिन सुटताना बारीक ठिणगी पडते आणि सोन्याचा मुलामा जळतो. प्लग उजेडात धरून आठही पट्ट्या नीट बघा, शक्य असल्यास फोनच्या कॅमेऱ्याने मोठ्या करून. दमट हवेत पीओई असलेल्या प्लगवर हिरवट पूड किंवा काळसर डाग दिसतात, आणि ते आठही पिनांवर सारखे नसतात. दोन पिना खराब आणि बाकीच्या स्वच्छ असा प्रकार जास्त. कारण असं की इथे सुमारे 50 व्होल्टचा डीसी दिवसरात्र उभा असतो. दोन पिनांमध्ये ओलसर, खारट थर जमला की त्यातून सूक्ष्म करंट वाहतो आणि पॉझिटिव्ह बाजूच्या पिनेचं धातू झिजत जातं. समुद्रकाठच्या कांदोळी-कळंगुटच्या ऑफिसांत हे लवकर होतं, पण पावसाळ्यात फोंड्यालाही चुकत नाही.

असा प्लग पुसून वापरू नका. कापून टाका, तीनेक इंच केबलही मागून कापा, कारण ओल आवरणाच्या आत चढलेली असते. तारा काळवंडलेल्या दिसल्या तर आणखी मागे जा. एपीच्या बाजूच्या सॉकेटमध्येही तीच पूड असते. तिथे 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, एपी पूर्ण वाळू द्या आणि मगच वीज द्या. सॉकेटच्या आतल्या स्प्रिंगसारख्या तारा झिजून बारीक झाल्या असतील तर मात्र एपीचा पोर्टच गेला आहे.

नवा प्लग बसवताना एक गोष्ट सांभाळा. कॅट 6 ची तार जाड असते, ती कॅट 5ई च्या प्लगमध्ये ओढूनताणून बसवली तर पट्टी तारेत नीट रुतत नाही. त्यापेक्षा छतातल्या केबलला प्लग न लावता ती कीस्टोनमध्ये (भिंतीतल्या सॉकेटसारख्या जॅकमध्ये) पंच करावी आणि तिथून एपीपर्यंत कंपनीत बनलेली छोटी पॅच कॉर्ड घ्यावी. पुढच्या वेळी खराब होईल ती कॉर्ड, आणि ती बदलायला मिनिटभर लागतं.

पाऊस आणि विजा

मेअखेरच्या वळवाच्या पावसात आणि पुन्हा ऑक्टोबरात विजा पडतात, तेव्हा गच्चीवरचा किंवा दोन इमारतींमधला एपी पहिला बळी जातो. वीज थेट पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या केबलमध्ये झटका उमटतो. यातून निघणारे बिघाड अर्धवट असतात, त्यामुळे गोंधळ होतो. एपी चालू होतो पण लिंक येत नाही. किंवा स्विचचा पोर्ट डेटा देतो पण पीओई देत नाही. म्हणून विजांनंतर एपी बदलण्याआधी तो स्विचपोर्ट दुसऱ्या एखाद्या साध्या पीओई उपकरणावर तपासा, आणि शंका आली तर त्या पोर्टला टेप लावून कायमचा बाद करा. खराब पोर्टवर नवा एपी चढवणं म्हणजे तोही धोक्यात घालणं. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल असूच नये. तिथे फायबर टाका. गच्चीवरच्या एपीला केबलच्या दोन्ही टोकांशी सर्ज प्रोटेक्टर हवा आणि त्याचा अर्थ खऱ्या अर्थिंगला जोडलेला हवा, नाहीतर ती नुसती डबी आहे.

बाहेरच्या एपीत पाणी शिरतं ते बहुधा केबलच्या वाटेने. केबल वरून खाली येऊन थेट एपीत घुसत असेल तर पाऊस तिच्यावरून ओघळत आत जातो. एपीच्या तोंडापेक्षा 10-15 सेंटिमीटर खाली एक वळसा सोडा, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतील. प्लग आधीच लावलेला असल्यामुळे तो ग्लँडमधून (केबल आत शिरते त्या रबरबंद तोंडातून) जात नाही, म्हणून कुणीतरी ग्लँडचा रबर काढून ठेवतो. एपी उघडलात तर हा रबर जागेवर आहे का ते आधी बघा. केबल काळ्या जाड आवरणाची, बाहेरसाठी बनवलेली असावी. घरातली निळी-राखाडी केबल उन्हात तडकते आणि आतल्या पोकळीतून पाणी कित्येक मीटर खाली रॅकपर्यंत उतरतं.

आतल्या एपींचेही हाल होतात. एसीच्या झोतासमोर लावलेल्या एपीवर दव जमतं. पत्र्याच्या छपराखाली, फॉल्स सीलिंगच्या वर ठेवलेला एपी एप्रिलमध्ये दुपारी तापून बंद पडतो. पुष्कळ मॉडेलची मर्यादा 40 किंवा 50 अंशांची असते आणि त्या पोकळीत तेवढं तापमान सहज होतं. दुपारी दोन ते चार एवढ्याच वेळात रीस्टार्ट होत असेल तर एपी छताच्या खालच्या अंगाला आणा. रेंजही सुधारेल. मे महिन्यात घरोघर पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) तयारी चालते, त्याच आठवड्यात ग्लँड, वळसे आणि अर्थिंगचा खड्डा बघून घेतला तर जूनमधल्या निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

वीज ठीक, केबल ठीक, तरी तक्रार

इथे आधी तक्रारीची हद्द ठरवा. एकाच लॅपटॉपला त्रास आहे का, एकाच खोलीत आहे का, एकाच वाय-फायच्या नावावर आहे का? एकच लॅपटॉप असेल तर त्याचा ड्रायव्हर बघा, एपीला सोडा. विंडोजवर ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (netsh wlan show wlanreport) ही आज्ञा प्रशासकाच्या खिडकीत चालवली की गेल्या तीन दिवसांतल्या जोडण्या-तुटण्या कारणांसकट एका पानावर मिळतात.

मग एपीच्या बरोबर खाली, दोन-तीन मीटरवर उभे राहून फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझरने सिग्नल मोजा, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झचा वेगवेगळा. इतक्या जवळ उणे 40 ते उणे 50 डीबीएम दिसायला हवं (हे सिग्नलचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). कंट्रोलरवर पॉवर मुद्दाम कमी ठेवलेली नसताना खाली उभं राहूनही एका बँडवर उणे 70 येत असेल, तर तो रेडिओ किंवा अँटेना गेली. एपी खरोखर खराब असल्याचा हा भक्कम पुरावा.

जवळ सिग्नल चांगला आणि पलीकडच्या खोलीत उणे 75, तर एपी निर्दोष आहे. भिंत आडवी येते. पणजीच्या मळा भागातल्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फुटांच्या चिऱ्यांच्या असतात. त्यातून 5 गिगाहर्ट्झ फारसं पार होत नाही आणि पावसाळ्यात भिंत ओल धरली की आणखी कमी. उपाय एकच, प्रत्येक मोठ्या खोलीत एक एपी आणि कमी पॉवर. पॉवर पूर्ण वाढवल्याने काम बिघडतं: एपीचा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनचा दुबळा आवाज एपीपर्यंत परत येत नाही, आणि माणूस दुसऱ्या टोकाला गेला तरी फोन जुन्याच एपीला चिकटून राहतो. कॉलसाठी बसायच्या जागी उणे 67 किंवा त्याहून चांगला सिग्नल मिळेल असं बघा.

2.4 वर 1, 6 आणि 11 हीच चॅनेल आणि 20 मेगाहर्ट्झ रुंदी. 5 वर ऑफिसात 40 पुरे, दाटीवाटीच्या इमारतीत 20. ‘जास्त स्पीड’ म्हणून 80 लावलं की शेजारच्या ऑफिसाशी टक्कर वाढते. 52 ते 64 आणि 100 ते 144 या चॅनेलांवर एपीला रडारची चाहूल लागली तर चॅनेल ताबडतोब सोडावं लागतं आणि तिथे अर्धा तास परतता येत नाही. त्या क्षणी सगळ्यांचं वाय-फाय एकदम सुटतं. दाबोळी-वास्कोच्या बाजूच्या ऑफिसांनी लॉगमध्ये ‘डीएफएस’ किंवा ‘रडार’ हा शब्द आधी शोधावा, आणि सापडला तर 36 ते 48 आणि 149 ते 161 यांच्यावर यावं.

जोडणी होते, पण ‘नो इंटरनेट’ येतं आणि पत्ता 169.254 ने सुरू होतो? मग डीएचसीपीकडून (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तर मिळत नाही. पत्ते संपलेत का बघा. हल्लीचे फोन खासगी, बदलते मॅक पत्ते (उपकरणाची ओळख सांगणारे क्रमांक) वापरतात, त्यामुळे एकच फोन वेगवेगळ्या पत्त्यांनी येऊ शकतो. पाहुण्यांच्या नेटवर्कवर लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) 24 तासांऐवजी दोन-चार तासांची ठेवा. ऑफिसचं नाव चालत नाही पण पाहुण्यांचं चालतं, असं असेल तर स्विचपोर्टवर त्या नावाचा व्हीलॅन टॅग राहून गेलाय. केबल दुसऱ्या पोर्टवर हलवली की हे हमखास होतं. आणि पत्ता भलत्याच मालिकेतला मिळत असेल तर कुणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला आहे. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (भलत्या राउटरने पत्ते वाटणं अडवणारी सोय) चालू केलं की हा प्रश्न परत येत नाही.

अदलाबदल आणि बदली

एवढं होऊनही एपीवरच संशय राहिला तर दोन्ही बाजूंनी अदलाबदल करा. चांगला म्हणून माहीत असलेला एपी त्या जागी, त्याच केबलवर लावा. संशयित एपी टेबलावर, 30 वॅटचा इंजेक्टर (केबलमध्ये पीओई वीज घालणारा डबा) आणि दोन मीटरच्या कंपनीच्या कॉर्डवर चालवा. बिघाड एपीबरोबर टेबलावर आला तर एपी खराब. जागेवरच राहिला तर जागा खराब. फक्त एकच बाजू केली तर उत्तर अर्धं मिळतं, कारण प्लग हलवल्यानेच काही काळ संपर्क सुधारतो. म्हणून दोन्ही किमान दोन दिवस चालू ठेवा. फर्मवेअर बदलायचं असेल तर याच टेबलावर; अदलाबदल चालू असताना छतावरच्या एपीचं बदलू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

वॉरंटीसाठी पाठवताना सिरियल नंबर, फर्मवेअरचा क्रमांक, अदलाबदलीचा निकाल, एपीखाली मोजलेले डीबीएमचे आकडे आणि सॉकेटचा फोटो एकाच मेलमध्ये द्या. मागे-पुढे होणारे प्रश्न वाचतात. नवा एपी चढवताना कंट्रोलरवरून जुन्याची नोंद काढा, नाव मात्र जागेवरून ठेवा, उदाहरणार्थ ‘मजला 2 अकाउंट्स’, आणि तेच नाव स्विचपोर्टच्या वर्णनात लिहा. मग पुढचा आठवडाभर रोज सकाळी अपटाइम आणि सीआरसीचा आकडा नजरेखालून घाला.